अक्कांनी भात परत नेला

एकदा एक तरुण वैद्य परदेशगमनाची तयारी करत होता, आणि त्या तयारीच्या दिवसांत तो रोज दुपारी अर्धपोटी पानावरून उठत होता. घरात अन्न नव्हते असे नाही. अन्न होते, वाढणारे हात होते, गुरूंची कृपाही होती. तरी हा आपला उपाशी. हे असे का चालले आहे ते त्याला कळत नव्हते, आणि कळत नव्हते म्हणून तो अधिकच कावराबावरा झाला होता. तुम्हीही जरा धीर धरा. त्याला कळेल तेव्हाच तुम्हाला सांगेन.

त्याचे नाव श्रीरंग. समुद्रकाठच्या एका बंदरगावात एक वृद्ध वैद्य राहत, गाव त्यांना नुसते बुवा म्हणे, त्यांच्याकडे तो लहानपणापासून शिकत होता. बुवांनी तरुणपणी गलबतांवरून पुष्कळ देश पाहिले होते. म्हातारपणी मात्र ते ओटीवरून फारसे हलत नसत. घरात तिसरे माणूस म्हणजे बुवांची थोरली बहीण, अक्का. बुवांच्या औषधांची ख्याती तालुकाभर होती, तर अक्कांच्या आग्रहाची जिल्हाभर. जेवणारा 'पुरे, पुरे' म्हणत पानावर हात आडवा धरी, आणि अक्का त्या हाताच्या बोटांमधून भात खाली सोडत. गावातले जावई अक्कांकडे जेवायचे असले की आदल्या दिवशी लंघन करत.

श्रीरंगचे आईवडील लवकर गेले. बुवांकडे येण्यापूर्वी तो मामाच्या घरी होता. मामी वाईट नव्हती. पण खाणारी तोंडे फार आणि टोपलीत भाकरी मोजक्या, अशा घरात परके पोर लवकर शहाणे होते. 'आणखी हवी का रे?' असे विचारले की 'नको' म्हणायचे. मग मामी म्हणे, 'किती समजूतदार आहे पोर,' आणि पाठीवरून हात फिरवी. भाकरीपेक्षा तो हात त्याला गोड लागे. असा तो 'नको' जिभेवर रुळला, आणि पुढे बुवांच्या भरल्या घरात आला तरी सुटला नाही. अर्थात इथे त्याने काही अडत नव्हते. हा नको म्हणे, अक्का वाढत, आणि दोघांचेही समाधान होई.

आषाढात एक व्यापारी बुवांच्या ओटीवर आला. परमुलखात त्याची पेढी होती. तिथे त्याची माणसे आजारी पडत, आणि त्यांना आपल्याकडचा वैद्य हवा होता.

"बुवा, तुमचा श्रीरंग द्या," तो म्हणाला. "नारळी पौर्णिमा झाली, समुद्र उघडला, की गलबत निघेल. खाडीपलीकडच्या वैद्यांचाही एक शिष्य तयार आहे, पण माझं मन तुमच्या पोरावर आहे. निघण्याआधी येतो मी उत्तराला."

"या," बुवा म्हणाले. "तोवर त्याची तयारी करून घेतो."

श्रीरंग माजघरात औषध कुटत होता. त्याचा बत्ता हातातल्या हातात राहिला. लहानपणापासून धक्क्यावर उभे राहून जाणाऱ्या गलबतांची शिडे त्याने दिसेनाशी होईपर्यंत पाहिली होती. मामाकडे तो मामाचा भाचा होता, इथे बुवांचा शिष्य. एकदा तरी स्वतःच्या ओटीवर बसून स्वतः नाडी पाहावी, नवी झाडे, नवी मुळे, नवी माणसे पाहावीत, ही त्याची एकुलती एक इच्छा होती. ती त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. देवाकडेसुद्धा त्याने कधी काही मागितले नव्हते, उगाच देवाला संकोच नको म्हणून.

संध्याकाळी धीर करून तो बुवांपुढे उभा राहिला. "बुवा, जायचं ठरलंच, तर परदेशात कसं वागावं, काय जपावं, याचा काही उपदेश करावा."

उपदेशाला तशी गावात टंचाई नव्हती. बातमी फुटल्यापासून तो घरोघर फुकट मिळत होता. कोणी म्हणाले तिकडचे पाणी उकळून पी, कोणी म्हणाले पाणीच पिऊ नकोस, शहाळ्यांवर राहा. शेजारचे तात्या जन्मात कधी खाडीपलीकडे गेले नव्हते. त्यांनी परक्या लोकांच्या स्वभावाचे सविस्तर वर्णन केले आणि कोणावर विश्वास टाकू नकोस म्हणून बजावले. सगळे देश पाहिलेला माणूस काय तो एकटा गप्प होता.

बुवांनी पानाला चुना लावला, विडा तोंडात टाकला, आणि म्हणाले, "उद्यापासून दुपारी माझ्या शेजारी जेवायला बसत जा."

एवढेच.  श्रीरंग 'बरं' म्हणून आत गेला.

दुसऱ्या दिवशी पाने मांडली. पहिला भात झाला. अक्का भातवाढी घेऊन आल्या. "वाढू रे?"

"नको अक्का, पुरे," म्हणत श्रीरंगने रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला, आणि रीतीप्रमाणे बोटे थोडी विलग ठेवली.

अक्कांचा हात खाली येणार, इतक्यात बुवा म्हणाले, "नको म्हणतोय तो."

अक्का थबकल्या. त्यांनी भावाकडे पाहिले. भाऊ शांतपणे ताक पीत होता. मग अक्का, ज्यांनी उभ्या आयुष्यात वाढायला आणलेले भांडे परत नेले नव्हते, त्या भात परत घेऊन गेल्या. श्रीरंग पानावर हात धरून तसाच बसून राहिला. हाताखाली पान रिकामे होते आणि वरही कोणी नव्हते.

त्याला वाटले, आज बुवांचे लक्ष कुठे तरी असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशी तेच. थालीपीठ आले, तो नको म्हणाला, थालीपीठ गेले. लोण्याचा गोळा तर पानाजवळ येऊन माघारी गेला. आणि हे काही पानापुरते राहिले नाही. पाऊस कोसळत असताना रोग्याकडे निघाला, तर बुवांनी विचारले, "घोंगडी देऊ?" तो म्हणाला, "नको, इथेच तर जायचं." बुवांनी "बरं" म्हटले आणि घोंगडी पुन्हा खुंटीला लावली. ओटीवर चर्चा चालली असताना ते म्हणाले, "बस." हा म्हणाला, "राहू दे, उभा बरा आहे." ती चर्चा वात, पित्त, कफ करीत दिवेलागणीपर्यंत चालली आणि श्रीरंग खांबाला टेकून पाय बदलत राहिला.

भिजल्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. त्याला ताप भरला. बुवा येऊन दारात उभे राहिले. "काढा करून देऊ?"

"नको बुवा. उगाच कशाला त्रास. उतरेल उद्या."

"बरं," असे म्हणून ते निघून गेले.

पांघरुणात कुडकुडत श्रीरंगने छताकडे पाहिले. रस्त्यावरच्या वाटसरूला औषध दिल्याशिवाय पुढे न जाऊ देणारा हा माणूस. आपल्याच घरात, आपल्याच शिष्याला, एक काढा? त्याने मागचे सगळे दिवस आठवून पाहिले. कुठे चुकलो? मी जाणार याचा त्यांना राग आला आहे का? की मी जाऊच नये असे त्यांच्या मनात आहे? की व्यापारी आला तेव्हा माझा बत्ता थांबला, तो त्यांनी ऐकला आणि मला लोभी ठरवले? एकाही प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याशी जुळेना. शेवटी त्याने ठरवले, की आपण जास्त नम्र व्हायला हवे. झाले, म्हणजे आगीत तेल. ताप उतरल्यावर तो पूर्वीपेक्षाही लवकर, पूर्वीपेक्षाही लवून 'नको' म्हणू लागला, आणि पूर्वीपेक्षाही उपाशी राहू लागला.

एके दिवशी त्याने अक्कांना चुलीपाशी गाठले. "अक्का, बुवा माझ्यावर रागावलेत का?"

"मला नको विचारूस, श्रीरंगा. मला बोलायची बंदी आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि धुरावर खापर फोडले. "काय तुझी हाडं दिसायला लागली रे. लाडू देऊ का एक? बेसनाचा केलाय."

"नको अक्का," श्रीरंगच्या तोंडून निघून गेले.

अक्का लाडू हातात घेऊन थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की जणू या पोराने एक शब्द बोलावा म्हणून त्या नवसच बोलत होत्या. तो बोलला नाही. तो आग्रहाची वाट पाहत होता. मग त्यांनी लाडू डब्यात ठेवला, झाकण लावले आणि त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायला बसल्या. पुन्हा म्हणून त्यांनी वळून पाहिले नाही.

नारळी पौर्णिमा आली. गाव नारळ घेऊन समुद्रावर गेले, समुद्र उघडला. दुपारी घरभर नारळीभाताचा वास सुटला होता. नारळीभात म्हणजे श्रीरंगचा जीव की प्राण, आणि अक्का तो वर्षातून एकदाच करत. त्या दुपारीही तो नको म्हणाला. आता मी त्याच्याबद्दल काय सांगू? सवय म्हणजे अशी चीज आहे.

पाने उचलली जात होती तेवढ्यात व्यापारी आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि सरळ श्रीरंगकडे वळून म्हणाला, "काय श्रीरंगपंत, येताय ना? जमेल ना तुम्हाला?"

 श्रीरंगने मान खाली घातली. आपल्याकडे सुसंस्कृत माणसाने द्यायचे जे उत्तर आहे, तेच त्याने दिले. "माझी कसली योग्यता, शेटजी. बुवांपुढे मी अजून बाळ आहे. माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ मिळतील तुम्हाला."

तुम्ही, मी, तो व्यापारी, सगळ्यांना ठाऊक आहे, की हा होकार होता. बुवांनी मात्र मान हलवली आणि म्हणाले, "ऐकलंत ना, शेटजी? तो म्हणतोय त्याची योग्यता नाही. खाडीपलीकडचा मुलगा घ्या तुम्ही."

व्यापाऱ्याचे तोंड उघडेच राहिले. "अहो, पण तो आपलं म्हणायचं म्हणून..."

"मी त्याला खोटं बोलायला शिकवलेलं नाही," बुवा म्हणाले.

व्यापारी नाराज झाला. त्याने पगडी डोक्यावर ठेवली, जोडा पायात घातला आणि तो पायऱ्या उतरला. अंगण ओलांडले. बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, जाऊन त्याने आडवी काठी काढली. श्रीरंगला वाटत होते, आता बुवा हाक मारतील. आता व्यापारी वळेल. आता अक्का तरी काही बोलतील. पण कोणीच कोणाला आग्रह करीना. काठी पुन्हा आडवी झाली आणि व्यापाऱ्याची पगडी कुंपणापलीकडून जाताना दिसू लागली. ती पगडी अशीच धक्क्यापर्यंत जाणार, आणि तिच्याबरोबर आपले सगळे देश, सगळी झाडे, सगळी शिडे जाणार, हे त्याला एकदम दिसले.

तो धावला. बेडे उघडायलाही थांबला नाही, वरून उडी टाकून गेला.

"शेटजी, थांबा. मला यायचंय." त्याचा आवाज फुटला. "मला जमेल. मी... मी चांगला वैद्य आहे. मला न्या."

गल्लीत चार बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्यांनी हंडे कडेवर सावरून पाहिले. श्रीरंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या तोंडाने काही मागितले होते, आणि तेही भर गल्लीत. व्यापाऱ्याने ओटीकडे पाहिले. बुवांनी तिथून दोन्ही हात जोडले. "हे ऐकायलाच तर आलो होतो," व्यापारी म्हणाला, आणि निघायची वेळ सांगून चालू लागला.

श्रीरंग परत आला तो रागाने. लाज संपली की पाठोपाठ राग येतो, तसा. बुवांपुढे उभा राहून तो म्हणाला, "माझं काय चुकलं ते तुम्ही नंतर सांगा. मला भूक लागली आहे. अक्का, मला भात हवा आहे. नारळीभात. वर तूपही हवं."

अक्कांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. त्यांनी पान मांडले, भांडेच पानाशेजारी आणून ठेवले, आणि वाढता वाढता इतक्या दिवसांची बंदी मोडून बोलू लागल्या. "तापात होतास ना, तेव्हा हा तुझ्या दाराबाहेर बसून होता रात्रभर. काढा करून ठेवला होता. दोनदा निवला, दोनदा ऊन केला. तू एकदा हूं म्हण, एवढीच वाट पाहत होता. मी म्हटलं, जाऊ दे ना आता, तर नाही. हट्टी मेला."

श्रीरंगचा घास हातातच राहिला. त्याने बुवांकडे पाहिले. बुवा त्याच्यासमोर येऊन बसले.

"माझ्याबरोबर गलबतावर एक सोबती होता," ते म्हणाले. "आपल्याच गावचा, तुझ्यासारखाच लाजाळू. तू जातोस त्याच मुलखात आम्ही उतरलो. मी पुढच्या बंदरात गेलो, तो एका घरी राहिला. त्याला ताप आला. घरमालक रोज दारात येऊन विचारी, वैद्य आणू का? हा म्हणे, नको, उगाच कशाला त्रास. घरमालक मान लववून निघून जाई. मी परतलो तेव्हा तो गेलेला होता. घरमालक माझ्यापुढे रडला. म्हणाला, मी रोज विचारलं, त्याने रोज नको म्हटलं. त्याचा शब्द मी कसा मोडू?"

बुवांनी तुपाचे भांडे त्याच्या पानाजवळ सरकवले.

"ते लोक फार भले आहेत, श्रीरंगा. शब्दाचा मान राखणारे. तुझ्या नकोचा ते मान राखतील आणि तू त्यांच्या दारात उपाशी मरशील. आपला आग्रह वाईट नाही. पण तो दोघांनी मिळून उचलायचा असतो. एकाने नको म्हणायचं, दुसऱ्याने वाढायचं. तिकडे तू तुझं काम बिनचूक करशील, आणि दुसरं टोक धरायला कोणी नसेल. पाणी कुठलं प्यावं ते तिथली माणसं सांगतील. तहान लागली आहे हे मात्र तुझं तुलाच सांगावं लागेल."

 श्रीरंगने पानाकडे बोट दाखवून आणखी भात मागितला.

निघायचा दिवस आला. अक्कांनी दिलेले सगळे त्याने घेतले. लोणची, पापड, सुंठ, आणि लाडवांचा अख्खा डबा. प्रत्येक वस्तूला तो नीट 'हवं' म्हणत होता, आणि दर वेळी अक्का हसत होत्या. गलबत खोल पाण्यात उभे होते. माणसांना तिथवर न्यायला होडीएवढा पडाव किनाऱ्याला लागला. बुवा काठी टेकत वाळूपर्यंत आले होते. श्रीरंग त्यांच्या पाया पडला तेव्हा त्याला दिसले, की ती काठी हलते आहे.

"बुवा," तो म्हणाला, "परतीच्या प्रत्येक गलबताबरोबर माझी खुशाली कळवत जाऊ?"

"नको," बुवा म्हणाले. "कशाला. तू तुझं काम बघ."

"बरं," श्रीरंग म्हणाला. धडा पक्का झाला होता. त्याने शब्दाचा मान राखला, धोतर वर खोचले, आणि तो पडावाकडे चालू लागला. पाणी घोट्यापर्यंत आले, पोटऱ्यांपर्यंत आले. पडावाच्या काठावर हात ठेवला आणि तो घोटाळला. नको म्हणजे नको. हेच तर शिकलो. मग छातीत हे काय अडकले आहे? त्याने खाली पाहिले. पायांखाली अजून आपल्याच गावची वाळू होती.

तो तसाच ओल्या धोतराने मागे आला.

"बुवा, मी खुशाली कळवणार आहे."

"नको म्हटलं ना. उगाच व्याप."

"प्रत्येक गलबताबरोबर कळवणार. आणि तुमच्या गुडघ्यांना तेल कोण लावतं, खल कोण करतं, तेही तुम्ही मला उलट कळवायचं."

बुवांनी समुद्राकडे तोंड फिरवले.  नाडी पाहणारी त्यांची बोटे काठीवर उगाच फिरत राहिली. मग खाकरून म्हणाले, "आता एवढा आग्रहच करतोयस, तर कळव."

अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. श्रीरंग पडावात चढला. शीड दिसेनासे होईपर्यंत ते दोघे वाळूत उभे होते, असे म्हणतात.

तुमच्या घरातून कोणी परदेशी निघाले असेल, तर त्याच्या पेटीत लोणचे भरण्याआधी त्याला 'हवं' म्हणायला शिकवा. आणि निघालेले तुम्हीच असाल, तर 'येऊ का गं भेटायला?' असे विचारल्यावर आई फोनवर पहिल्यांदा जे 'नको' म्हणते, ते ऐकून फोन ठेवू नका.